पहिला बरा की दुसरा

आत्याची बॅग माळ्यावरून खाली उतरली त्याला आज बारा दिवस झाले होते. भरून, पट्टे आवळून ती आत्याच्या खोलीच्या दाराआत उभी होती, आणि घरातलं माणूस न् माणूस तिला न पाहिल्यासारखं करून ये-जा करत होतं. बॅग काही कुणाला चावत नव्हती. पण ती कुणामुळे उतरली हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि जिच्यामुळे उतरली तिला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

ती म्हणजे घरची सून. व्यवसायाने नर्स. आठवड्याच्या चार रात्री हॉस्पिटलात, आणि सगळं जग कामाला लागलं की हिची झोपायची वेळ. त्या रविवारी सकाळी रात्रपाळी संपवून ती घरी आली तेव्हा दाराशी आरशासारखे पॉलिश केलेले बूट दिसले. असे बूट खानदानात एकाच माणसाचे, चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या काकांचे, सासऱ्यांच्या धाकट्या भावाचे. काका आपल्या बहिणीला, आत्याला, न्यायला आले होते.

भांडण म्हणावं तर ते झालंच नव्हतं. भांडणात निदान दोन्हीकडून चार शब्द तरी खर्ची पडतात. आत्या रोज सकाळी अकराला पुढच्या खोलीत वडिलांच्या वेळचे दोन लाकडी स्पीकर लावायची आणि एकच रेकॉर्ड ऐकायची, तावदानं थरथरतील अशा आवाजात. भिंतीपलीकडे सून झोपायची, म्हणजे झोपायची खटपट करायची. सलग तीन रात्रींनंतरच्या एका सकाळी ती उठून बाहेर आली, एक अक्षर न बोलता भिंतीतला प्लग उपसला, तो तसाच जमिनीवर टाकला आणि जाऊन पडली. आत्यानेही तोंडातून ब्र काढला नाही. दुसऱ्या दिवशी अडुसष्टाव्या वर्षी स्वतः स्टूल लावून माळ्यावर चढली, एवढंच.

त्यानंतर सासरे मूग गिळून बसले. हयातभर जमिनींचे नकाशे काढलेला माणूस, कुणाची हद्द कुठे संपते हे त्यांना कागदावर चटकन कळायचं, घरात कळत नव्हतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांना बाहेरून धीर देण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण या खेपेला तो स्वतःच आत अडकला होता. शेवटी हेडफोनची युक्ती त्यानेच काढली. आत्या म्हणाली, बघते, पण धाकट्यासमोर. आणशील त्यातला एकही पटला नाही तर दुपारच्या आत मी त्याच्याबरोबर जाईन. तिकडे काकूंनी खोली झाडूनपुसून तयारच ठेवली होती. पोरं परगावी गेल्यापासून त्या घरात दोघांनाच घर खायला उठायचं, तेव्हा काकांना बहीण हवी होती हेही उघडच होतं. परीक्षक म्हणून ते कितीसे निःपक्षपाती असणार, हा प्रश्न कुणी काढला नाही.

सुनेला या सगळ्यात एक कोडं मात्र सुटत नव्हतं. आत्या बहिरी असती तर गोष्ट वेगळी. पण तिचे कान म्हणजे काय विचारता. चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलेली बाई. कडी वाजली की कोण आलंय हे ती आतून सांगायची, आणि स्वयंपाकघरात दुधावरचं झाकण सरकलं तर तिला आपल्या खोलीत कळायचं. अशा बाईला तावदानं थरथरेपर्यंत आवाज कशाला लागतो? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला बाबांना विचार, बाबांना विचारलं तर ते म्हणाले तिलाच विचार. आणि तिला विचारण्याची सोय सुनेने स्वतःच्या हाताने घालवली होती.

"या सिस्टर, बसा," काका म्हणाले. लग्नापासून ते तिला सिस्टरच म्हणत. "तुमचीच वाट बघत होतो. पेशंट तयार आहे."

"मी पेशंट नाही," आत्या म्हणाली. खुर्चीत ताठ बसली होती. सुनेकडे तिने पाहिलं नाही.

टेबलावर चार खोकी उघडून ठेवली होती. नवऱ्याने ओळख करून द्यायला घेतली. चारही तारेचे, कारण ॲम्प्लिफायर आजोबांच्या वेळचा, त्याला बिनतारी काही कळत नाही. पहिले तीन बंद कपाचे. कान पूर्ण झाकतात, बाहेरचं आत नाही आणि आतलं बाहेर नाही. चौथा मात्र मागून उघडा, कपांना नुसती जाळी.

"तो कशाला आणलास?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी नाही आणला. दुकानदाराने गळ्यात मारला. म्हणाला, घेऊ नका, पण एकदा घालून तरी बघा. संध्याकाळपर्यंत चारही परत करायचेत."

"पण निवडायचं कशावरून? खोक्यावर लिहिलंय त्यातलं मला ओ की ठो कळत नाही."

"ते माझ्यावर सोड, दादा," काका म्हणाले. त्यांनी खिशातून काचा पुसायचा पिवळा फडका काढला आणि पहिला हेडफोन उगाचच पुसला. "चाळीस वर्षं हेच करतोय. तुला किती दिसतं, हे गिऱ्हाइकाला कधीच विचारायचं नाही. त्याला ते सांगता येत नाही. दोन भिंगं दाखवायची आणि विचारायचं, पहिलं बरं की दुसरं? एवढं लहान मूलही सांगतं. आणि एका वेळी एकच. डोळा तसा कान."

बोलणं पटण्यासारखं होतं, म्हणून सगळ्यांना पटलं. सुई रेकॉर्डवर टेकली. काकांनी हेडफोन पुढे केला. आत्याने तो घेतला, डावा कप कानावर बसवला आणि उजवा, हात आपसूक गेल्यासारखा, मागे कानशिलावर ढकलला. काकांना तेच हवं होतं. त्यांनी तिचा उघडा कान आपल्या तळव्याने झाकला, एक डोळा झाकावा तसा.

"आता दुसरा. हं. पहिला बरा की दुसरा?"

"दुसरा," आत्या म्हणाली. "पण पियानो कुठे गेला?"

"ते नंतर. दुसरा की तिसरा?"

"सारखेच. यातही व्हायोलिन आहे, पियानो नाही. शेजारच्या घरात वाजतोय जणू."

"तिसरा की चौथा?"

"याच्यात कानाला हवा लागते." तिने क्षणभर डोळे मिटले. "पण पियानो नाही म्हणजे नाहीच. स्पीकरवर दोघं वाजवतात, इथे एकच. असलं अर्धं ऐकून मी काय करू?"

"म्हणजे चारही नापास," काका म्हणाले. दुःख झाल्याचा चेहरा त्यांनी केला, पण तो काही नीट बसला नाही. त्यांनी फडक्याची घडी घातली. "दादा, आपण प्रयत्न केला. ताई, गाडी दारात आणू?"

सासरे खिडकीबाहेर बघू लागले. नवऱ्याने तार गुंडाळायला घेतली, आणि त्याच्या खांद्यांवरून सुनेला कळलं की तो हळहळतोय आणि सुटलाही आहे. तिला राग आला नाही, कारण तिचं स्वतःचंही तसंच होतं. चूक तिने तिसऱ्या हेडफोनलाच ओळखली होती. गप्प बसलं की झालं. उद्यापासून अकरा वाजता घर चिडीचूप, आणि लोकांनी नावं ठेवायची तर ती कधीच ठेवून झाली आहेत. तिला झोप हवी होती. खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला जगात दुसरं काहीही नको होतं.

"दुसरा कान," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आत्यानेही, बारा दिवसांत पहिल्यांदा.

"आत्या, तुम्ही एकाच कानाने ऐकताय. रेकॉर्ड जुनी असेल तर व्हायोलिन एका बाजूला आणि पियानो दुसऱ्या बाजूला असतो ना? काकांनी पियानोचाच कान झाकून ठेवलाय."

"असं कसं," काका म्हणाले, "तपासणी एका वेळी एकाच—"

"डोळ्यांची. चष्मा घालून कुणी एक डोळा मिटून फिरत नाही, काका."

आत्याचा हात कानशिलावरच्या कपाकडे गेला आणि तिथे थांबला. आपण तो मागे ढकललाय हे तिच्या गावीही नव्हतं. "सवय," ती म्हणाली. "एक्सचेंजच्या बोर्डावर असंच बसायचो आम्ही. एक कान लाइनीला, दुसरा सुपरवायझरला. मागून हाक आली आणि ऐकू आली नाही तर त्या दिवशी खैर नसायची."

सून उठली. चौथा, जाळीचा हेडफोन तिने उचलला आणि आत्याच्या मागे उभी राहिली. रात्री वॉर्डात माणसांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवावा तसे तिने दोन्ही कप एकेक करून बसवले, अडकलेले पांढरे केस बोटाने मोकळे केले आणि वरची पट्टी एक घर सैल केली. आत्याची मान आखडली होती, ती हळूहळू सैल झाली. नवऱ्याने सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

बराच वेळ आत्या हलली नाही. मग तिने हात वर केला.

"आहे," ती म्हणाली. "मला माहीतच होतं. आहे तो."

"कोण?" सासऱ्यांनी विचारलं.

"तिसरा."

काकांनी थोरल्या भावाकडे पाहिलं. वयाबरोबर काय काय होतं याची दोघांनाही कल्पना होती.

"माझ्याकडे असे बघू नका," आत्या म्हणाली. "कव्हरवर दोनच नावं आहेत. पण खोलीत तीन माणसं आहेत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून मला वाटतंय. अधूनमधून काहीतरी सळसळतं, आणि एक श्वास येतो तो त्या दोघांचा नाही. स्पीकरवर धड लागत नाही. कितीही आवाज वाढवा, वरचं गाणंच मोठं होतं आणि तो खाली तसाच दबलेला."

"म्हणून तुम्ही आवाज वाढवायचात?" सुनेने विचारलं.

"मग काय? मला काय कमी ऐकू येतं?" आत्या म्हणाली. "खरखरीखालचं माणूस शोधण्यात माझी नोकरी गेली. समोरचा ऐकू येत नाही असं म्हणून लाइन सोडायची नसते."

तिने हेडफोन काढून सुनेपुढे धरला. "तू ऐक. सांग मला काय आहे ते. उजवीकडे, मागच्या बाजूला."

सुनेने तो घातला. तिला वाटलं होतं कानात गाणं ओतल्यासारखं होईल. पण भोवती एक खोली तयार झाली. डावीकडे व्हायोलिन, गजाची ओढ बदलताना वाजवणाऱ्याने आत घेतलेला श्वाससुद्धा. उजवीकडे पियानो. आणि पियानोच्या मागे कुणीतरी. आधी बूट करकरला, मग कपड्याची सळसळ, मग एक छोटा कोरडा फटकारा, आणि पुन्हा बूट. ती डोळे मिटून थांबली. बऱ्याच वेळाने पुन्हा तेच, त्याच क्रमाने. तिची झोप कुठल्या कुठे पळाली.

"उठतोय," ती म्हणाली. "उठतो, कागद वाजतो, पुन्हा बसतो. दर थोड्या वेळाने."

"कागद?" सासरे खिडकीपासून वळले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं. "अगं, मग पानं उलटतोय तो. पियानोवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले. समोरच्या नोटेशनच्या वहीचं पान कोण उलटणार? त्यासाठी माणूस बसवतात शेजारी."

आत्या हसली, तोंडावर हात ठेवून, मुलीसारखी. "आठ वर्षं," ती म्हणाली. "आठ वर्षं मी त्याला शोधतेय. आणि तो पानं उलटत बसलाय."

"कव्हरवर नाव कसं नाही त्याचं?" नवऱ्याने विचारलं.

"कोण छापतं?" आत्या म्हणाली. "आम्ही जोडून दिलेल्या फोनांवर आमची नावं होती का?"

त्यानंतर परीक्षा पुन्हा झाली, दोन्ही कानांनी, आणि काकांना विचारायची गरज पडली नाही. बंद कपांचे तीन आत्याने एकेका मिनिटात बाजूला ठेवले. "यांत माझाच श्वास ऐकू येतो. विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. घरात कुणी पडलं, कुणी हाक मारली तरी कळायचं नाही." जाळीवाला तिने मांडीवर ठेवला आणि त्यावरचा हात काढला नाही.

"पण ताई, तो उघडा आहे," काका म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "आतलं बाहेर येणार. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच राहिलं बाजूला."

गंमत म्हणजे सासरे त्यांच्या बाजूने गेले. बहीण जायला नको म्हणून बारा दिवस न जेवल्यासारखा राहिलेला माणूस म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. पोरगी रात्रभर उभी असते. तिची झोप मोडणार असेल तर स्पीकर काय वाईट होते?" सुनेने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. सासरे आपल्या झोपेचा हिशेब ठेवतात हे तिला आजवर माहीत नव्हतं.

"मग तिलाच ठरवू दे," आत्या म्हणाली. "जा गं. आपल्या पलंगावर पड, दार लाव. मी इथे ऐकते, नेहमीच्या जागी. तुला ऐकू आलं तर मी याच्याबरोबर जाते. राग नाही, काही नाही. नुसतं खरं सांग."

सून आत गेली. दार लावलं आणि युनिफॉर्मसकट पलंगावर आडवी झाली. कान भिंतीकडे दिले. नळ ठिबकत होता. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. व्हायोलिन नाही, पियानो नाही. जाळीतून काही निसटत असलंच तर ते भिंतीच्या पलीकडेच विरत होतं. जिंकलो, तिला वाटलं, आणि आपण जिंकलो असं वाटतंय याचं तिला नवल वाटलं.

मग भिंतीतून आवाज आला.

आधी तिला कळेचना. बारीक, कापरा, सुरात येता येता घसरणारा. व्हायोलिन वर चढलं की हा आवाजही मागून चढायला बघायचा आणि मध्येच दमून दुसरीकडेच जायचा. आत्या गुणगुणत होती. कान दुसऱ्यांना ऐकण्याच्या सवयीचे, तेव्हा आपल्या तोंडून काय निघतंय याचा तिला पत्ता नव्हता. चौतीस वर्षं लाइनीवर स्वतःचा एक शब्द न बोललेली बाई भर सकाळी, भावांच्या समोर, बेसूर गुणगुणत होती. बाहेर बाकीचे चिडीचूप होते. म्हणजे ते ऐकत होते, आणि सुनेलाही ऐकू जातंय हे त्यांना कळत होतं.

आता हिला काय सांगायचं? सून या कुशीवरून त्या कुशीवर झाली. खरं सांगावं तर आत्या जाते. बरं, खरं म्हणजे तरी काय? आवाज येत होता, पण त्रास होत नव्हता. उलट डोळे जड होत होते. ती पुन्हा वळली आणि मग निश्चयाने उठली.

बाहेर आली तेव्हा गुणगुणणं थांबलं. आत्याने हेडफोन गळ्यात उतरवला.

"आलं ऐकू?"

"नाही," सून म्हणाली. "डोळा लागला होता."

"खोटं. दोनदा कूस बदललीस. पलंग करकरला."

"तुम्हाला कसं ऐकू—"

"जाळीचा आहे ना," आत्या म्हणाली. "खरं सांग म्हटलं होतं तुला."

सून तिच्यासमोर जमिनीवरच बसली. "गाणं नाही आलं, आत्या. शपथेवर सांगते. तुम्ही आलात ऐकू. तुम्ही गुणगुणत होतात."

"मी?" आत्याने थोरल्या भावाकडे पाहिलं, तर तो खिडकीकडे वळला. धाकट्याकडे पाहिलं, तर तो फडका न्याहाळत होता. भाच्याने मात्र मान हलवली. आत्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने हेडफोन गळ्यातून काढला आणि टेबलावर ठेवून दिला.

"म्हणजे आवाज येतो," काका हळूच म्हणाले. "ठरलं होतं तसं—"

"काका, थांबा जरा," सून म्हणाली. "मशीन वाजलं की मी गाढ झोपेतून उठून बसते. त्या स्पीकरनेही तशीच उठायचे. माणसाच्या आवाजाने नाही उठत. रात्री वॉर्डात कुणी गुणगुणत असलं की मी निवांत असते. कळतं, तिकडे सगळं ठीक आहे." मग ती आत्याकडे वळली. "त्या दिवशी प्लग उपसला ते माझं चुकलं. तुमच्याशी येऊन बोलायला हवं होतं. मला लाज वाटत होती म्हणून बारा दिवस बोलले नाही, आणि त्या बॅगकडे बघवतही नव्हतं. तुम्ही जाऊ नका."

आत्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. दूरवरच्या लाइनीवर कुणी बोलत असावं आणि ते नीट लागेपर्यंत थांबावं, तशी.

"आणि मी गुणगुणता गुणगुणता गप्प झाले तर?"

"तर उठून बघायला येईन," सून म्हणाली.

आत्याने टेबलावरचा हेडफोन पुन्हा उचलला. काकांनी गाडीची किल्ली हातात घेतली होती, ती त्यांनी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरवली.

"ताई, मग मी काय करू?"

"तू जा आता," आत्या म्हणाली. "तिला झोपायचंय."